दाखल्यावरची एक जून

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख दोनदा असते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी. पुढे पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत जिथे जिथे जन्मतारखेचा पुरावा लागतो तिथे हा कागद चालतो, आणि मुलानं शाळा सोडली की जनरल रजिस्टरातली तारीख बदलून घेणं फार जिकिरीचं होऊन बसतं. त्यामुळे हा कागद छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तारखेचं फॉरमॅटिंग हे वरवरचं काम राहत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जुन्या शिक्षण संस्थेचं असं सॉफ्टवेअर माझ्याकडे देखभालीला आलं. सगळं जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, मागे नोड, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा, खाली पोस्टग्रेसचा डेटाबेस. त्यातल्या तारखा मार्गी लावताना जे जे समोर आलं ते सविस्तर लिहिते आहे, कारण भारतात बसून जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाला यातला निदान पहिला भाग कधी ना कधी भेटतोच.

तक्रार आली ती शाळेच्या क्लार्क भाऊसाहेबांकडून. दाखल्यावरची अंकी तारीख प्रोग्रॅम छापायचा आणि अक्षरी तारखेची ओळ रिकामी सुटायची. ती भाऊसाहेब जनरल रजिस्टर समोर घेऊन पेनानं भरत. एका जुन्या विद्यार्थ्याचा दुसऱ्या प्रतीचा दाखला भरताना त्यांच्या हातून अक्षरी "एक जून" लिहिलं गेलं आणि वर छापलं होतं ३१ मे. मग त्यांनी आधीच्या महिन्यातल्या स्थळप्रती काढल्या आणि मला फोन केला. "मॅडम, आमच्या रजिस्टराला निम्मं गाव एक जूनचं आहे. एकतीस मेचं इथं कुणीच नाही. हे कुठून आलं?"

हे निम्म्या गावाचं प्रकरण महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या पिढ्यांत जन्माची नोंद घरी नसे, तेव्हा मूल शाळेत घालताना गुरुजी अंदाजानं वर्ष धरत आणि शाळा जूनमध्ये भरते म्हणून तारीख १ जून टाकत. म्हणून जुन्या रजिस्टरांत १ जूनची रांग लागलेली असते. एरवी कुणाची १४ तारखेची १३ झाली असती तर महिनोन् महिने कुणाच्या लक्षात आलं नसतं. १ जूनची सरसकट ३१ मे झाली म्हणून ते डोळ्यांवर आलं.

गंमत म्हणजे स्क्रीनवर त्याच मुलाची तारीख बरोबर दिसत होती. चूक फक्त छापील पीडीएफमध्ये. स्क्रीनवरची तारीख भाऊसाहेबांच्या संगणकावरचा ब्राउझर तयार करतो आणि पीडीएफ सर्व्हर तयार करतो. दोघांना डेटाबेसमधून मिळणारी किंमत एकच. म्हणजे किंमत एक, पण ती वाचणारी घड्याळं दोन, असा अंदाज तिथेच आला. डेटाबेस उघडून पाहिला तर जन्मतारखेच्या रकान्यात नुसती तारीख नव्हतीच, वेळही होती. १ जून १९७४ ला जन्मलेल्याच्या नावापुढे होतं: १९७४-०५-३१, १८:३०:००, आणि हे सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत.

१८:३० हा आकडा भारतातल्या प्रोग्रॅमरनं जन्मतारखेशेजारी पाहिला की पुढचं सगळं कळतं. आपली प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. आपल्याकडे १ जूनची मध्यरात्र होते तेव्हा यूटीसीच्या घड्याळात ३१ मेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. प्रवेशाच्या फॉर्मवर कुणी कॅलेंडरातून १ जून निवडला की जावास्क्रिप्ट त्याची 'डेट' नावाची वस्तू बनवते, आणि त्या वस्तूला नुसता दिवस ठाऊकच नाही. ती आत साठवते १ जानेवारी १९७०, यूटीसी मध्यरात्र, या क्षणापासूनचे मिलिसेकंद. दिवस निवडला की ती त्या दिवसाची स्थानिक मध्यरात्र धरते आणि माहिती सर्व्हरकडे पाठवताना, जेसन (माहिती पाठवायची मजकुरी मांडणी) बनवताना, तिचा यूटीसीमधला मजकूर करते. इथे एक जून गेला आणि एकतीस मे आला. भाऊसाहेबांचा ब्राउझर परत साडेपाच तास मिळवतो म्हणून स्क्रीनवर सारं ठीक दिसतं. सर्व्हर यूटीसीवर चालत असेल तर तो काहीच मिळवत नाही आणि ३१ मे छापून मोकळा होतो.

मग इतकी वर्षं हे का झालं नाही? कारण सर्व्हर आधी शाळेच्या कार्यालयातल्याच संगणकावर होता आणि त्याचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं. तो भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर हलवला गेला आणि क्लाउडवरची यंत्रं बहुधा यूटीसीवर असतात. प्रोग्रॅमची एक ओळही न बदलता दाखले चुकू लागले.

एका दिवसाचा फरक म्हणजे किती, असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षं पूर्ण झाली का हे ३१ डिसेंबरला मोजतात. १ जानेवारीला जन्मलेल्या मुलाचा जन्म ३१ डिसेंबरचा दिसला की ते मूल कागदावर एक वर्ष आधी पात्र ठरतं.

सोपा उपाय लगेच हाताशी होता. सर्व्हरवर टाइमझोनची एक सेटिंग असते, तिथे 'एशिया/कोलकाता' हे भारतीय वेळेचं नाव लिहायचं आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. दाखले थांबवून ठेवता येत नव्हते म्हणून ते मी त्याच दिवशी केलं आणि छपाई सुधारली. पण तेवढ्यावर थांबायची माझी तयारी नव्हती. या संस्थेत माजी विद्यार्थ्यांना आपली नोंद ऑनलाइन पाहता येते. दुबईचं घड्याळ यूटीसीच्या चारच तास पुढे आहे, म्हणजे तिथून पाहणाऱ्याला आजही ३१ मे, रात्रीचे साडेदहा हाच क्षण दिसणार आणि तारीख ३१ मेच येणार. लंडन, न्यूयॉर्क, सगळीकडे तेच. सिंगापूर किंवा सिडनीत मात्र काही बिघडत नाही, कारण तिथलं घड्याळ आपल्या पुढे आहे. भारताच्या पश्चिमेला गेलं की जन्मतारीख बदलते आणि पूर्वेला गेलं की टिकते, असला डेटा जनरल रजिस्टरच्या जागी ठेवायचा नसतो. जन्मतारीख हा क्षण नव्हेच. १ जूनला जन्मलेला माणूस जगात कुठेही बसला तरी १ जूनचाच. ती क्षण म्हणून साठवली तिथेच घोळ झाला, फॉरमॅटिंगनं तो फक्त उघडा पाडला.

तेव्हा रकाना शुद्ध तारखेचा करायचा ठरलं. तारखेला साडेपाच तास मिळवा आणि पुढची वेळ कापून टाका, असं करणारी एका ओळीची स्क्रिप्ट कुणीही लिहील. त्याआधी मी रकान्यातल्या फक्त वेळा वेगळ्या काढून त्यांचे गट पाडले. सगळीकडे १८:३० हवं होतं. आले मात्र चार गट. मोठा गट १८:३० चाच. एक ००:०० चा. एक १७:३० चा. आणि जुन्यात जुन्या नोंदींचा एक छोटा गट होता, त्यात वेळ होती १८:३८:५०.

हे पन्नास सेकंद पाहिल्यावर मला खरोखर आनंद झाला, कारण हा बिघाड नव्हता, इतिहास होता. जगभरचे संगणक ज्या टाइमझोनच्या कोशावर चालतात त्यात 'एशिया/कोलकाता' या नावाखाली भारताच्या घड्याळाचा सगळा प्रवास नोंदलेला आहे. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ. त्याआधी, १८७० पासून, मद्रासची वेळ, यूटीसीच्या ५ तास २१ मिनिटं १० सेकंद पुढे. मध्यरात्रीतून तेवढं वजा केलं की बरोबर १८:३८:५० उरतात. संस्थेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची रजिस्टरं संगणकावर चढवली होती आणि त्यांतले काही विद्यार्थी १९०६ च्या आधी जन्मलेले होते. ब्राउझरनं त्यांच्या जन्मदिवसाची मध्यरात्र मद्रासच्या घड्याळानं मोजली होती.

खरं तर तेव्हा आपल्याकडे मुंबईची वेळही होती, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ नंतरही मुंबईनं ती सोडली नाही, शहरात ती १९५५ पर्यंत चालली. टाइमझोनच्या कोशात तिला स्वतंत्र जागा नाही. जुन्या मुंबईतल्या एखाद्या घटनेची वेळ संगणकावर मांडायची असेल तर हे ध्यानात ठेवावं लागतं. आमचा प्रश्न फक्त तारखेचा असल्यानं तिची गरज पडली नाही.

१७:३० चा गट जास्त महत्त्वाचा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात घड्याळं एक तास पुढे केली होती. कोशाप्रमाणे आधी ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२, आणि मग १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. या काळात आपण यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होतो. पत्रिका करणारे जाणकार ज्योतिषी त्या वर्षांतल्या जन्मवेळेतून आजही एक तास वजा करतात, त्यामागे हेच कारण. आता १ जून १९४३ ची नोंद बघा. डेटाबेसमध्ये ३१ मे, १७:३०. तिच्यात साडेपाच तास मिळवले तर येतात ३१ मे, रात्रीचे अकरा. वेळ कापली की हाती पुन्हा ३१ मे. एका ओळीच्या स्क्रिप्टनं त्या तीन वर्षांत जन्मलेल्या सगळ्यांची तारीख कायमची एक दिवस मागे नेऊन बसवली असती, आणि मूळ वेळ पुसली गेल्यानं मागाहून काही कळायचा मार्गही उरला नसता. ही आता ऐंशीच्या घरातली माणसं. शाळेकडे दुसरी प्रत मागायला त्यांचीच मुलं येतात, बहुतेक वेळा पेन्शन किंवा वारसाच्या कामासाठी.

म्हणून कुठेही हातानं तास मिळवायचे नाहीत, टाइमझोनचं नाव द्यायचं आणि हिशोब कोशाला करू द्यायचा. पोस्टग्रेसमध्ये 'ॲट टाइम झोन' असा वाक्प्रयोग आहे. त्यानं प्रत्येक क्षण त्या त्या काळच्या भारतीय घड्याळात बदलला आणि मग तारीख वेगळी काढली. खातरजमा करायची रीतही यातच आहे: असं बदलल्यावर स्थानिक वेळ नेमकी मध्यरात्र यायला हवी. १८:३०, १७:३० आणि १८:३८:५० हे तिन्ही गट बरोबर शून्यावर आले. जे आले नाहीत ते बाजूला काढले.

बाजूला राहिला तो ००:०० चा गट, म्हणजे भारतात पहाटेचे साडेपाच. या नोंदी फॉर्ममधून आलेल्या नव्हत्या, एक्सेलच्या फायलींतून एकदम चढवलेल्या होत्या. यांची तारीख टाइमझोननं बिघडत नव्हती, पण त्यांत दुसरंच दुखणं होतं. ज्या संगणकावर ती फाइल उघडली गेली तिथे तारखेची मांडणी अमेरिकी होती, महिना आधी आणि दिवस नंतर. ५/६/२००८ म्हणजे आपली ५ जून, तिथे ती ६ मे होते. १५/६/२००८ मध्ये पंधरावा महिना नसतो म्हणून एक्सेल ती तारीख मानतच नाही, मजकूर म्हणून तशीच ठेवतो आणि ती पुढे बरोबर वाचली जाते. परिणामी महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचे सगळे बरोबर, १ ते १२ पर्यंतचे उलटे, आणि १/१, २/२ असे जुळे आकडे असलेले आपोआप सुटलेले. याला कुठलंही सूत्र पुरत नाही. दोन्ही आकडे बारा किंवा बाराच्या आत असलेल्या नोंदींची यादी काढून दिली आणि भाऊसाहेबांनी ती रजिस्टराशी ताडून पाहिली. रजिस्टरात तारीख अक्षरी लिहिलेली असते, आणि "पाच जून" उलटं वाचताच येत नाही. ज्यांनी कुणी ही अक्षरी लिहायची पद्धत घातली त्यांना मी मनापासून मानते.

रकाना तारखेचा झाला तरी एक सापळा उरतो आणि तो बऱ्याच जणांना नंतर सापडतो. नोडमध्ये पोस्टग्रेसशी बोलणारी जी नेहमीची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे ती शुद्ध तारखेचा रकाना वाचताना त्याची पुन्हा 'डेट' वस्तू करते, सर्व्हरच्या स्थानिक मध्यरात्रीची. म्हणजे मागच्या दारानं तोच क्षण परत आत. तारखेच्या प्रकाराला मजकूर म्हणूनच परत दे असं तिला एकदा सांगावं लागतं. ते सांगितल्यावर डेटाबेसपासून ब्राउझरपर्यंत १९७४-०६-०१ हे दहा अक्षरी रूप जसंच्या तसं प्रवास करू लागलं. आयएसओ ८६०१ या प्रमाणातली ही मांडणी. वर्ष आधी, महिना मग, दिवस शेवटी, त्यामुळे अमेरिकी की आपलं हा वाद नाही, आणि मजकूर म्हणून क्रमवारी लावली तरी काळाचा क्रम आपोआप लागतो.

त्यानंतरचं काम माझ्या आवडीचं, म्हणजे हे रूप मराठी कागदावर मराठीत उमटवण्याचं. जुना प्रोग्रॅम 'मोमेंट' ही लायब्ररी वापरत होता. एके काळी जावास्क्रिप्टमध्ये तारखेचं काही करायचं म्हणजे मोमेंटच, आणि तिच्यात मराठीची सोय कुणीतरी फार आस्थेनं केलेली आहे. आकडे देवनागरी, महिने मराठी, वेळेला चक्क "सकाळी १०:३० वाजता". पण सप्टेंबर २०२० मध्ये तिच्या कर्त्यांनीच जाहीर केलं की आता नवीन भर घालणार नाही, नव्या कामाला दुसरं काही घ्या. म्हणून मी तारखा आणि आकडे हव्या त्या भाषेत मांडणाऱ्या, जावास्क्रिप्टच्या अंगच्या 'इंटल' सोयीकडे वळले. तिला भाषा म्हणून मराठी-भारत सांगितलं, दिवस अंकात, महिना पूर्ण नावानं, वर्ष अंकात. माझ्या संगणकावर सुरेख "१ जून, १९७४" आलं. सर्व्हरवर त्याच ओळीतून इंग्रजी तारीख आली, तीही अमेरिकी मांडणीची. कुठेही त्रुटीचा संदेश नाही.

कारण सर्व्हरवर नोडची बारावी आवृत्ती होती. तिच्या नेहमीच्या बांधणीत भाषांची माहिती फक्त इंग्रजीची असायची, आणि मागितलेली भाषा नसली की ती गुपचूप इंग्रजी पुढे करायची. २०१९ च्या तेराव्या आवृत्तीपासून सगळ्या भाषा सोबत येतात. नोड बदलला आणि मराठी आली. आजही जिथे जुनी यंत्रणा चालू आहे तिथे मराठी फॉरमॅटचा भरवसा धरण्याआधी एक तारीख छापून पाहावी.

मराठीला देवनागरी अंक हे या सोयीत मुळातच धरलेले आहेत. हिंदीला तसं नाही, तिथे इंग्रजी अंक येतात. दाखल्याला देवनागरीच हवे होते. पण संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाखेचा दाखला वेगळा, तिथे दिवस-महिना-वर्ष इंग्रजी अंकांत. शिवाय दाखल्याच्या ठरलेल्या नमुन्यात महिन्यानंतर स्वल्पविराम नाही. त्यासाठी तयार मजकुरावर कात्री चालवण्यापेक्षा इंटलकडून तारखेचे तुकडे वेगवेगळे मागता येतात, दिवस, महिना, वर्ष, आणि आपल्याला हवे तसे जोडता येतात. एक दक्षता घ्यायचीच: इंटलला देण्यासाठी त्या दहा अक्षरांची 'डेट' करावीच लागते, ती यूटीसीच्या मध्यरात्रीची करायची आणि छापतानाही टाइमझोन यूटीसीच सांगायचा. जाताना आणि येताना घड्याळ एकच राहिलं की दिवस हलत नाही. आणखी एक जुनी खोड इथे आड येते. १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट घाईत तयार झाली तेव्हा तिची 'डेट' जावाकडून उचलली गेली. तिच्यात महिने शून्यापासून मोजतात, म्हणजे जून हा पाचवा. जावानं स्वतः १९९७ मध्येच त्या पद्धतींना रजा दिली आणि २०१४ मध्ये जावा ८ सोबत तारखेचं सगळं नव्यानं मांडलं. जावास्क्रिप्ट मात्र ते ओझं वाहत राहिली.

अक्षरी तारखेची ओळ रिकामी सोडायचं आता कारण नव्हतं. दिवस आणि महिना सोपे. वर्षाला मात्र मराठीची चाल सांभाळावी लागते. १९७४ हे "एक हजार नऊशे चौऱ्याहत्तर" असं दाखल्यावर कुणी लिहीत नाही, "एकोणीसशे चौऱ्याहत्तर" लिहितात. २०१२ ला "वीसशे बारा" चालत नाही, "दोन हजार बारा" लागतं. १९०० आणि २००० ला पुढे काही लावायचं नाही. एक ते नव्याण्णव आकड्यांची नावं तर मराठीत नियमानं तयार होतच नाहीत, पूर्ण तक्ताच द्यावा लागतो. तो मी लिहिला आणि शाळेतल्या मराठीच्या बाईंनी शब्दन् शब्द तपासला. त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव यांची जोडाक्षरं पीडीएफच्या फॉन्टमध्ये नीट जुळतात का हे मी छापून पाहिलं. भाऊसाहेबांनी मात्र एक अट घातली आणि ती योग्यच होती: अक्षरी ओळ छापून आली तरी रजिस्टराशी ताडल्याची त्यांची सही वेगळी राहील.

दाखला कधी दिला ती नोंद मात्र खराखुरा क्षण आहे. ती यूटीसीमध्येच ठेवली आणि दाखवताना प्रत्येक ठिकाणी 'एशिया/कोलकाता' स्पष्ट लिहिलं, पाहणारा दुबईत असो की कराडात. वेळेसाठी इंटल देवनागरी आकड्यांपुढे रोमन लिपीतलं पीएम लावते. ते मराठी नोंदवहीत खुपतं. मोमेंटचं "सकाळी", "दुपारी" मला हवंच होतं, फक्त तिथे मध्यरात्री बारापासूनच "पहाटे" सुरू होतं, आणि रात्रीच्या बॅकअपची नोंद "पहाटे १२:१५ वाजता" अशी यायची. मराठी माणूस त्याला रात्री सव्वाबारा म्हणतो. पहाट चारपासून धरणारं छोटं फंक्शन लिहून ते काम संपवलं.

जावास्क्रिप्टमध्ये आता 'टेम्पोरल' नावाची नवी सोय आली आहे. मे २०२५ मध्ये फायरफॉक्सच्या १३९व्या आवृत्तीत ती सुरू झाली. तिच्यात घड्याळ आणि टाइमझोन नसलेली निव्वळ तारीख हा वेगळा प्रकार आहे आणि महिने एकपासून मोजतात. शाळेतल्या सगळ्या संगणकांवर ती पोहोचली की माझी निम्मी काळजी काढून टाकता येईल.

तोवर चाचण्यांवर भिस्त आहे. १ जून १९७४, १ जून १९४३, १९०६ च्या आधीची एक तारीख, १ जानेवारी, २९ फेब्रुवारी आणि ५/६/२००८ या तारखा चाचणीत कायमच्या ठेवल्या आहेत. प्रोग्रॅममध्ये कुठलाही बदल झाला की त्या फॉर्मपासून पीडीएफपर्यंत फिरतात, सर्व्हरचं घड्याळ आळीपाळीनं कोलकाता, यूटीसी, लॉस एंजेलिस आणि ऑकलंडला लावून. चारही ठिकाणी तारीख अंकी आणि अक्षरी सारखीच आली तरच नवी आवृत्ती शाळेकडे जाते.